दिवेलागणीची हजेरी

माणूस या पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे उभा आहे, या सनातन प्रश्नाचं उत्तर विज्ञानाने अखेर देऊन टाकलं आहे. ज्या गुंत्यात पिढ्यान्‌पिढ्या तत्त्वज्ञ अडकले तो आकाशातल्या मूठभर उपग्रहांनी सोडवला, आणि उत्तर थेट मीटरमध्ये दिलं. अपवाद एवढाच, की वसंतात आणि शरदात सूर्य मावळल्यावर दोन-तीन तास हे उत्तर चुकतं, आणि ते विशेषकरून आपल्याकडे चुकतं.

रामेश्वर तौर यांचं जे काही व्हायचं ते या दोन-तीन तासांतच झालं.

तौर सर जालन्यातल्या एका खाजगी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्ती तोंडावर आलेली असताना शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी कोसळली आणि खाली सावलीला बसलेला पहारेकरी गेला. टाकीला तडे गेलेत हे सरांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं. त्यावर अध्यक्ष म्हणाले होते, "भरा हो बिनधास्त, पाणी काय सिमेंटपेक्षा जड असतंय का?" हे वाक्य बोललं गेलं तेव्हा खोलीत तिसरं माणूस एकच होतं, शाळेच्या लिपिक सोनटक्केबाई. अध्यक्षांना पुढे ते वाक्य आठवेना. त्यामुळे गुन्हा सरांवर दाखल झाला, आणि बाईंनी पोलिसांना दिलेला जबाब एवढाच सरांचा आधार उरला.

त्या सुमारास देशातले तुरुंग इतके भरले होते की नव्या माणसाला आत घ्यायचं तर जुन्याला सरकून घ्यायला सांगावं लागे. म्हणून सरकारने गृहनिगराणी योजना काढली. आरोपीच्या घोट्याला रबरी पट्टी बांधायची. पट्टीत उपग्रहांचे संदेश ऐकणारा एक बारका रिसीव्हर. आरोपीने आपल्या घरात, आपल्या अन्नावर, सरकारला तोशीस न देता खटल्याची वाट पाहायची. अटी दोन. घराची हद्द ओलांडायची नाही आणि साक्षीदाराला भेटायचं नाही.

दुसरी अट जरा नाजूक होती, कारण सोनटक्केबाई सरांच्या बरोबर मागच्या घरात राहत. मध्ये एक भिंत, एक बोळ आणि बाईंचं लिंबाचं झाड. पण पट्टी आहे म्हटल्यावर कोर्टाने तेवढं चालवून घेतलं.

पट्टी दिवसभर अधूनमधून माणूस कुठे आहे ते टिपून ठेवी. पण रोज एकदा पक्की हजेरी होई, आणि कागदोपत्री तीच धरली जाई. ही हजेरी कधी घ्यावी यावर मुंबईत समिती बसली होती. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की आमच्या आईने आम्हाला दिवेलागणीला कधी घराबाहेर राहू दिलं नाही. बाकीच्या सदस्यांच्याही आयांनी राहू दिलं नव्हतं. सभ्य माणूस दिवेलागणीला घरात असतो, हे तत्त्व एकमताने मंजूर झालं. समितीत कायद्याची माणसं होती, पोलीस होते, एक मानसोपचारतज्ज्ञ होते. संध्याकाळी आभाळात काय होतं हे विचारायला कुणाला बोलवावं असं कुणाला वाटलं नाही. आभाळाची समितीच नव्हती ती.

पहिला फोन होळीच्या आधी आला.

"सर, खरात बोलतोय, निगराणी कक्षातून. तुम्ही तिकडं काय करू राहिले?"

"तिकडं म्हणजे कुठं?" सर ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

"सोनटक्केबाईंच्या घरी. बैठकीच्या खोलीत."

"खरातसाहेब, मी माझ्या ओट्यावर बसलोय. हिला देऊ का फोन?"

"नको नको. बायको काय, तुमच्याच बाजूनं बोलणार." खरात माणूस वाईट नव्हता. "असं करा, पट्टीला उघडं आभाळ लागतं. हजेरीच्या टायमाला गच्चीवर जात जा. मोकळ्यात उभे राहा. सिग्नल क्लिअर येतो."

सर दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला गच्चीवर जाऊ लागले. पट्टी त्यांना नियमाने सोनटक्केबाईंच्या बैठकीत दाखवू लागली.

आता हे होतं कसं, ते सांगायला हवं. उपग्रह वीस हजार किलोमीटरांवरून संदेश सोडतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यावरून रिसीव्हर अंतर काढतो. चार-सहा उपग्रहांपासूनची अंतरं जुळवली की आपली जागा मिळते. घोळ वाटेत होतो. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरांच्या वर आयनांबर नावाचा थर आहे. उन्हाच्या माऱ्याने तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून येताना संदेशाला उशीर होतो. उशीर म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग वगैरे. पण प्रकाशाच्या वेगाने निघालेल्याला तेवढ्यात सोनटक्केबाईंचं घर गाठता येतं.

दिवसा हा उशीर साधारण ठरल्यासारखा असतो, आणि रिसीव्हर अंदाजाने तो वजा करतो. सूर्य मावळला की अंदाज संपतो. थराचा खालचा भाग झपाट्याने विरतो, वरचा तसाच दाट राहतो, म्हणजे जड वर आणि हलकं खाली. असं फार काळ टिकत नाही. खालची विरळ हवा बुडबुड्यांसारखी वर उसळते, पिठलं खदखदायला लागल्यावर होतं तशी. विषुववृत्तावर उठलेले हे बुडबुडे उंच जाताना उत्तरेकडे आपल्या डोक्यापर्यंत पसरतात. त्यांच्या कडांतून येणारा संदेश चांदणीसारखा लुकलुकतो. दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकणारे महागडे रिसीव्हर यातून कसेबसे निभावतात. सर्वांत कमी दराच्या निविदेतून घेतलेली पट्टी एकाच लहरीवर ऐकायची. दक्षिणेकडचे उपग्रह तिच्या हातून एकेक करून सुटायचे, उरलेल्यांच्या भरवशावर ती सरांना मागे, बोळापलीकडे ढकलायची, आणि अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून त्यातलं सॉफ्टवेअर हा भरकटलेला ठिपका सर्वांत जवळच्या खोलीत नेऊन बसवायचं.

त्या वर्षी सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र ऐन भरात होतं आणि मार्च महिना चालू होता. म्हणजे बुडबुड्यांचा सुकाळ. पार्सल पोचवणाऱ्या ड्रोनच्या कंपन्यांनी संध्याकाळची उड्डाणं गुपचूप बंद ठेवली होती, कारण कुणाचे बूट कुणाच्याही गच्चीवर पडत होते. पण बूट मागवणारा ग्राहक असतो. आरोपी ग्राहक नसतो.

सरांच्या पत्नी उज्ज्वलाताई आधी खूप हसल्या. योजनेत घरच्यांसाठीही ॲप होतं. 'आपले आप्त परवानगीबाहेरील ठिकाणी आहेत' असा संदेश त्यावर रोज यायचा. एका संध्याकाळी त्या मुद्दाम गच्चीवर सरांना खेटून बसल्या आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"बघा. गेलात."

"कितीला?"

"आत्ताच. बसलात पण."

दोघं हसले. मग आठवडाभर संदेश येत राहिला आणि हसण्यातली गंमत कमी कमी होत गेली. खालून पोळ्या लाटता लाटता त्या हाक मारायच्या, "आहात ना वर?" सर म्हणायचे, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "आहात ना?" तिसऱ्यांदा त्या स्वतः जिना चढून बघून जायच्या.

"एक विचारू?" एकदा त्या म्हणाल्या. "तुम्ही इथं आहात हे मला दिसतंय. पण यंत्राला रोज तेच घर का दिसावं? डावीकडं जाधवांचं आहे, उजवीकडं दवाखाना आहे. दवाखान्यात एकदाही गेला नाहीत."

"अगं, दक्षिणेकडचे उपग्रह—"

"दक्षिणेला ती आहे, तेवढं कळलं मला."

सोनटक्केबाईंच्या घरात उज्ज्वलाताई कधी गेलेल्या नव्हत्या. बाई विधवा, दोघी इतक्या जवळ राहून त्यांच्यात हळदीकुंकवाची ये-जा नव्हती, आणि आपल्याकडे बायकांना एकमेकींच्या बैठकीचा रंग कळतो तो हळदीकुंकवालाच. बोळातून भाजीवाला आला की दोघी आपापल्या दारातून बोलत, तेवढंच.

हजेरीचा अहवाल अध्यक्षांच्या वकिलापर्यंत कसा पोचला हे कधी कळलं नाही. पोचला खरा. तौर हे रोज संध्याकाळी साक्षीदाराला घरी जाऊन पढवतात, सबब जामीन रद्द करावा, असा अर्ज पडला.

सरांचे वकील म्हणजे उज्ज्वलाताईंचे धाकटे बंधू विश्वंभर. त्यांनी आयनांबराचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मृणाल खंदारे यांना पडद्यावर साक्षीला आणलं. डॉ. खंदारेंनी बुडबुडे समजावले, नकाशे दाखवले. न्यायाधीश मॅडम मन लावून ऐकत होत्या.

"म्हणजे हे सगळं सूर्यामुळे होतं?"

"हो."

"पण सूर्य तर मावळलेला असतो."

"म्हणूनच होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरं. ही चूक किती असू शकते?"

"काही मीटरांपासून शंभरेक मीटरांपर्यंत. त्या त्या दिवसावर आहे."

"आणि तौर यातल्या कुठल्याच संध्याकाळी साक्षीदाराच्या घरी नव्हते, असं तुम्ही निश्चित सांगू शकता?"

डॉ. खंदारे प्रामाणिक होत्या. शास्त्रज्ञाला कोर्टात आणावं तर जरा कमी प्रामाणिक बघून आणावं, हे विश्वंभरना त्या क्षणी कळलं.

"निश्चित सांगता येणार नाही. पट्टीवर विश्वास ठेवता येत नाही, इतकंच सांगता येईल."

विश्वंभर घाईने ड्रोनच्या कंपन्यांकडे वळले. त्यांची पार्सलंसुद्धा भरकटतात, म्हणाले.

"पार्सलला हेतू नसतो," सरकारी वकील बसल्या जागेवरून म्हणाले. "आणि मॅडम, चूक म्हटली की ती चार दिशांना जायला हवी. जी रोज त्याच वेळी त्याच घरात जाते तिला चूक नाही म्हणत, सवय म्हणतात."

कोर्टात हशा झाला. निकाल पुढच्या तारखेवर गेला, पण कुठे चाललाय ते फळ्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

त्या दुपारी विश्वंभर बहिणीच्या घरी आले आणि पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"दाजी, विज्ञान संपलं. आता एकच रस्ता आहे. तिकडं जात होतो, म्हणून सांगा."

"पण मी जात नव्हतो!"

"ते कुणाला पटंना. जात होता हे कोर्टानं धरलंच आहे. आता फक्त कशाला जात होता तेवढं आपल्या हातात आहे." त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि नजर जमिनीकडे नेली. "साक्षीदाराला पढवायला जात होता, तर जामीन जातो. आणि... तसं काही असेल, तर ते खाजगी झालं. अटीचा भंग तसाही होतो, पण मॅडम समज देऊन सोडतील. साठीतला माणूस आहे, म्हणतील."

सर बायकोकडे पाहत राहिले. खटला उभा राहायला सात-आठ वर्षं लागणार होती. तोवर तुरुंगात, सरकून सरकून.

"म्हणा हो," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "मला माहितीये ना खरं काय ते. तुरुंगापेक्षा सोनटक्केबाई बरी."

"आणि त्या बाईंचं काय? त्यांचं नाव—"

"त्यांचं नंतर बघू," विश्वंभर म्हणाले. 'नंतर बघू' हे त्यांच्या वकिलीतलं आवडतं कलम होतं.

बाईंना आधी कल्पना द्यायचीही सोय नव्हती. ते खरोखरच साक्षीदाराला पढवणं झालं असतं. त्यामुळे पुढच्या तारखेला सोनटक्केबाई स्वच्छ इस्त्रीची साडी नेसून कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, टाकीच्या तड्यांबद्दल खरं काय ते सांगायला, आणि आत तौर सर पिंजऱ्यात उभे राहून आयुष्यातलं पहिलं प्रेमप्रकरण सांगत होते.

ते फार वाईट सांगत होते. सरकारी वकिलांना ते ताबडतोब जाणवलं.

"संबंध आहे म्हणता. मग त्यांच्या बैठकीचं वर्णन करा. पडदे कोणत्या रंगाचे?"

सरांनी ती खोली कधी पाहिली नव्हती. पण गेला महिनाभर खरात, ॲप, बायको आणि कोर्ट त्यांना रोज तिथे बसवत होते. गच्चीवर उभं राहून त्यांनी कितीदा तरी विचार केला होता, की आपण आत्ता जिथे आहोत तिथे असेल तरी काय. त्यामुळे उत्तर त्यांच्या तोंडून सरळ आलं.

"हिरवे. खिडकीशी शिलाई मशीन. भिंतीवर त्यांच्या मिस्टरांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी बंद पडलेलं घड्याळ."

मागच्या बाकावर उज्ज्वलाताई नवऱ्याकडे पाहत होत्या. असं भरभरून ते घरातल्या कुठल्या खोलीबद्दल बोललेले त्यांना आठवत नव्हते.

बाईंना आत बोलावलं. मॅडमनी शपथ दिली आणि टाकीचं काही न विचारता म्हणाल्या, "तौर सांगतात की ते संध्याकाळी तुमच्याकडे येतात. खाजगी कारणासाठी. ते म्हणतात, तुमच्या बैठकीत हिरवे पडदे आहेत, खिडकीशी शिलाई मशीन आहे, भिंतीवर फोटो आणि बंद घड्याळ आहे. खरं आहे का?"

सोनटक्केबाईंनी सरांकडे पाहिलं. वीस वर्षं त्यांनी सरांची पत्रं टाईप केली होती. माणूस कुठल्या वाक्याला अडकलाय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. सर मान खाली घालून उभे होते.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, लिपिकाच्या काटेकोरपणाने त्यांनी भर घातली, "घड्याळ सव्वाचारला बंद पडलंय."

उज्ज्वलाताईंच्या शेजारी जागा रिकामी होती. त्या सरकून तिच्यावर बसल्या, भावापासून आणि पिंजऱ्यापासून तेवढ्याच लांब.

निकाल सरांच्या बाजूने लागला. जामीन कायम, सक्त ताकीद. साक्षीदार ही आरोपीशी भावनिकदृष्ट्या गुंतलेली असल्याने तिच्या जबाबाला वजन देता येणार नाही, हे निकालात शेवटी एका ओळीत आलं. अध्यक्षांच्या वकिलाने ती ओळ दोनदा वाचून घेतली. त्यांना बाकीच्या निकालात फारसा रस नव्हता.

"सुटलो ना?" बाहेर आल्यावर सरांनी विचारलं.

"आत्ता सुटलात," विश्वंभर म्हणाले. "खटल्याला उभे राहाल तेव्हा आपल्याकडे साक्षीदार नाही."

"मग?"

"नंतर बघू."

घरी आल्यावर उज्ज्वलाताईंनी चहा केला. कप पुढे ठेवला, पण सोडला नाही.

"तुम्हाला काय माहीत?"

"काय?"

"पडदे."

"अगं, मनाचं सांगितलं मी! सुचलं ते बोललो."

"आणि ती हो म्हणाली."

"मला वाचवायला म्हणाली ती!"

"असं कोण कुणाला वाचवतं हो?" त्या म्हणाल्या. "तुम्ही ठरवलेलं मला माहीत होतं. तिला कुठं माहीत होतं?"

याला सरांकडे उत्तर होतं, आणि ते खरंही होतं, पण ते सांगितलं असतं तर अजूनच वाईट वाटलं असतं: बाईंना ते चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाताई लग्नानंतर पहिल्यांदा बोळातून वळून सोनटक्केबाईंच्या खिडकीसमोर गेल्या. पाच मिनिटांत परत आल्या.

"हिरवेच आहेत," म्हणाल्या, आणि कपाटावरची बॅग काढायला स्टूल ओढलं.

ते हिरवेच होते. पोलीस पंचनाम्याला आले तर सरांची पंचाईत नको, म्हणून सोनटक्केबाई कोर्टातून निघून सरळ कापडाच्या दुकानात गेल्या होत्या आणि रात्री जागून त्यांनी पडदे शिवले होते. मशीन त्यांच्याकडे होतंच. मिस्टरांचा फोटोही होता. घड्याळ भिंतीवरून उतरवून त्यांनी त्यातला सेल काढला, काटे सव्वाचारवर आणले आणि परत लावलं. वसाहतीत आता त्यांच्याशी भाजीवाल्याखेरीज कुणी बोलत नव्हतं. हे सगळं उज्ज्वलाताईंना सांगायला त्यांनी यायचं ठरवलं असतं, तर आरोपीच्या घरी गेल्याबद्दल सरांचा जामीन रद्द झाला असता. म्हणून त्या आल्या नाहीत.

विश्वंभर बहिणीला न्यायला गाडी घेऊन आले. दाजींकडे न बघता त्यांनी बॅग उचलली. मग दारातून परत फिरले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दाजी, मी सुचवलं खरं. पण मला काय माहीत, तुमचं खरंच असेल?"

एप्रिल सरला. सर दिवेलागणीला गच्चीवर जायचे, कारण खरातांनी तसं सांगितलं होतं आणि नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. खालून हाक यायची नाही. बोळापलीकडे लिंबाच्या झाडाआडून हिरवा उजेड यायचा. त्या खोलीत आपल्यासाठी कुणीतरी एक घड्याळ बंद पाडून ठेवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात खरातांचा फोन आला. आवाजात खरंखुरं समाधान होतं.

"सर, अभिनंदन. पंधरा दिवस झाले, तुम्ही घरातच दिसू राहिले. तिकडं जाणं बंद केलं वाटतं?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगलं केलं. या वयात झेपत नाही ते. मी शेरा मारलाय, 'वर्तनात सुधारणा'. वहिनींना पण दाखवा ॲपवर, बरं वाटंल त्यांना."

मे महिन्यात जालन्यावर बुडबुडे क्वचितच येतात. ते सप्टेंबरात परत सुरू होतात.